मंडपातलं राजकारण कुणाचं?

गणेशोत्सव तोंडावर आला की मंडळांच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘देखावा राजकीय नको, उगाच वाद नकोत.’ त्याच बैठकीत कमानीवर कोणाचे फोटो लावायचे, कोणत्या आमदाराला कोणत्या दिवशीची आरती द्यायची, हेही ठरतं. पक्षांच्या नेत्यांनी भरलेली कमान कुणाला राजकीय वाटत नाही. वस्तीतल्या पोरांनी रात्री जागून केलेला, पाणीटंचाईवर किंवा पक्षफुटीवर बोलणारा देखावा मात्र लगेच राजकीय ठरतो.

2022मध्ये कल्याणच्या विजय तरुण मंडळाने शिवसेनेतल्या फुटीवर देखावा उभारला. ऐन उत्सवात पोलिसांनी तो जप्त केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. देखावा एका बाजूचा होता, हे उघड आहे. पण तो पटतो की नाही, हे रांगेत उभ्या राहणाऱ्या कल्याणकरांनी ठरवायचं होतं. पोलीस ठाण्याने नव्हे.

‘उत्सवात राजकारण शिरलं’ अशी तक्रार करणाऱ्यांनी दादरचं 1926 साल आठवावं. तिथल्या सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी सगळ्या हिंदूंकडून गोळा होत होती, पूजेचा मान मात्र ब्राह्मणांकडेच होता. दलितांना मूर्तीजवळ जाता येत नव्हतं. प्रबोधनकार ठाकरे यांनी याविरुद्ध आवाज उठवला. ऐकलं नाही तर मूर्ती फोडू, इथपर्यंत इशारा त्यांनी दिला. रावबहादूर सी. के. बोले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मध्ये पडले. मंडपापुढे जमाव, बाहेर पोलीस, आत वाटाघाटी. शेवटी तोड निघाली ती अशी: दलित कार्यकर्त्याने फुलं पुजाऱ्याच्या हाती द्यायची आणि पुजाऱ्याने ती मूर्तीला वाहायची. एका ओंजळभर फुलांसाठी एवढा झगडा करावा लागला. त्याच वर्षी प्रबोधनकारांनी दादरला सार्वजनिक नवरात्रोत्सव सुरू केला. त्या मंडपात राजकारण बाहेरून आलं नव्हतं. मूर्तीला हात कोण लावणार, हे ठरलेलं होतं तेव्हापासून ते तिथेच बसलं होतं. प्रबोधनकारांनी ते सगळ्यांना दिसेल असं चव्हाट्यावर आणलं.

महाराष्ट्रातला सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तोच राजकारणाच्या अंगाने. ‘टिळकांनी उत्सवातून लोकजागृती केली’ हे शाळेच्या पुस्तकात सगळेच वाचतात. त्या जागृतीची दुसरी बाजू क्वचित सांगितली जाते. 1893च्या मुंबईतल्या दंगलीनंतर, 1894च्या पुण्यातल्या मेळ्यांमध्ये, म्हणजे उत्सवात गाणी म्हणत फिरणाऱ्या पथकांमध्ये, हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांना जाऊ नये अशी गाणी गायली गेली. पिढ्यान्‌पिढ्या ताबुतांपुढे नाचणाऱ्यांना त्या गाण्यांनी बाजूला ओढलं. पुढे 1920च्या दशकात पुण्याच्या रस्त्यावर ब्राह्मणी वळणाचा सन्मित्र समाज मेळा आणि केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांचा छत्रपती मेळा समोरासमोर आले. गाण्यांतून एकमेकांची जाहीर निंदा झाली, मारामारीपर्यंत प्रकरणं गेली. राजकीय कला म्हणजे आपोआप चांगली कला, असं म्हणणाऱ्याने हे मेळे विसरता कामा नयेत. ती विषही पेरू शकते.

तरीही त्या दोन प्रसंगांत फरक आहे. छत्रपती मेळ्याकडे उत्तर द्यायला स्वतःचं कवन होतं, स्वतःचा मेळा होता, ऐकायला स्वतःचा जमाव होता. शतकानुशतकं ज्यांच्याबद्दल दुसरेच बोलत आले, ते लोक टाळ-मृदंग घेऊन रस्त्यावर उतरले. ताबुतांवरच्या गाण्यांच्या वेळी समोरच्याला त्या मंचावर जागाच नव्हती. एखादी कलाकृती राजकीय आहे म्हणून घाबरण्याचं कारण नाही. ज्याच्या रोखाने ती बोलते त्या माणसाला त्याच ठिकाणी उत्तर देता येतं की नाही, याची काळजी करायला हवी.

राजकारण आलं की कला उथळ होते, घोषणा होते, हा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो नुसता झटकून टाकता येत नाही. वर्षाकाठी कितीतरी एकांकिका पोस्टर वाचल्यासारख्या वाटतात. पण 1907 साली आलेल्या कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’चं काय? कथा महाभारतातली, आणि प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत अपमानित देश दिसला, भीमात जहाल दिसले. एकाही पात्राने सरकारचं नाव घेतलं नाही. 1910मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली, ती नाटक नाटक म्हणून जमून आलं होतं म्हणूनच. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’चंही तसंच. 1972मध्ये ते आलं, एकोणीस प्रयोगांनंतर मूळ संस्थेने थांबवलं. मग त्यातल्या तरुण मंडळींनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. ब्राह्मणांची ती रांग, ती झुलणारी माणसांची भिंत ज्याने एकदा पाहिली, त्याला सत्ता आपलंच भूत कसं जन्माला घालते, हे वेगळं सांगावं लागत नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने तर कामगार वस्तीलाच थिएटर बनवलं. वाईट राजकीय कलेवरचा उपाय एवढाच की ती अधिक चांगली करावी.

मंचावरून कोण काय बोलणार, हा प्रश्न साहित्य संमेलनांत आणखी लख्ख दिसतो. डिसेंबर 1975, कऱ्हाड. आणीबाणी लागून सहा महिने झालेले. स्वागताध्यक्ष केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, अध्यक्ष दुर्गा भागवत. दुर्गाबाईंनी त्याच मंचावरून आणीबाणीविरुद्ध बोलून जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगात जावं लागलं. आज त्या संमेलनाची आठवण निघते ती त्या काही मिनिटांसाठी.

जानेवारी 2019मध्ये यवतमाळच्या संमेलनाचं उद्‌घाटन इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल करणार होत्या. विरोधाच्या धमक्या आल्या आणि आयोजकांनी निमंत्रणच मागे घेतलं. सहगल यांचं न झालेलं भाषण मग महाराष्ट्रभर वाचलं गेलं. आयोजकांनी उद्‌घाटनाला बोलावलं ते त्याच जिल्ह्यातल्या, नवऱ्याने आत्महत्या केलेल्या एका शेतकरी बाईंना. त्या उभ्या राहिल्या आणि शेतकऱ्याच्या मरणाबद्दल, मागे राहिलेल्या बाईला गाव कसं वागवतं त्याबद्दल बोलल्या. वाद टाळण्यासाठी सजवलेल्या मंचावरून त्या दिवशीचं सर्वांत राजकीय बोलणं झालं, आणि मंडप स्तब्ध होऊन ऐकत राहिला.

2025मध्ये दिल्लीच्या संमेलनाचं उद्‌घाटन पंतप्रधानांनी केलं, स्वागताध्यक्ष शरद पवार होते, मुख्यमंत्री मंचावर होते. त्याच वर्षी राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. सरकारने कलेला पैसा द्यावा. तो लोकांचाच आहे. पण पैशाबरोबर माईक जाऊ नये. उत्सव सरकारचा झाला की सरकारवर बोलणारा देखावा पहिल्यांदा कापला जाईल, ही भीती काल्पनिक नाही.

महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यावी लागते. नाटकांवर बंदी घालण्यासाठी इंग्रजांनी केलेला 1876चा कायदा केंद्राने 2018मध्ये रद्द केला. राज्यातली ही पूर्वपरवानगी मात्र टिकून आहे. अमोल पालेकरांनी 2016मध्ये तिला उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ही अट काढून टाकायला सरकारला नवा कायदा किंवा नवा निधी लागत नाही, इच्छा लागते. मंडळांनाही बरंच काही करता येईल: कमानीवरचे नेत्यांचे फोटो उतरवून तिथे देखावा करणाऱ्या पोरापोरींची नावं लिहावीत, विषय त्यांच्यावर सोपवावा, आणि ज्याला तो खटकेल त्याला दुसऱ्या रात्री त्याच मंचावर तासभर द्यावा.