वायदा, विलंब आणि वाजवी मुदत

दिवाळीसाठी शिवायला टाकलेला सदरा तुळशीच्या लग्नापर्यंत हाती आला तरी समाधान मानावे, असा शिंप्याचा अनुभव एके काळी घरोघरी होता. आज नवा उद्योग काढणाऱ्या तरुणांच्या आयुष्यात शिंप्याची जागा संकेतस्थळ तयार करून देणाऱ्या वेब डिझायनरने घेतली आहे. काम नवे, साधने नवी. पण वायदा आणि विलंब यांचे जुने नाते कायम आहे. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने 'स्टार्टअप इंडिया' योजनेचा आरंभ केला. तेव्हापासून नवउद्योगांचे भांडवल आणि करसवलती यांची चर्चा पुष्कळ झाली. उद्योगाच्या पहिल्याच पायरीवर जो वेळ वाया जातो, त्याचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

डोंबिवलीत घरगुती फराळाचा व्यवसाय उभारू पाहणाऱ्या एखाद्या तरुणाचे उदाहरण घ्यावे. नोकरी सोडलेली, भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढलेली, गाळ्याचे भाडे सुरू झालेले. गणपतीपूर्वी संकेतस्थळ तयार झाले तर दिवाळीच्या मागण्या नोंदवता येतील, हे त्याचे गणित. निम्मी रक्कम आगाऊ दिली जाते आणि 'पंधरा दिवसांत होईल' असे तोंडी आश्वासन मिळते. दीड महिना लोटतो, दूरध्वनी उचलला जात नाही, आणि नवरात्र दाराशी येऊन ठेपते. अशा उद्योगात विलंब म्हणजे केवळ गैरसोय नव्हे. हंगाम हुकला की भांडवल वर्षभर अडकून पडते. भाडे आणि व्याज मात्र थांबत नाही.

मग वाट पाहावी तरी किती? भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे, पण या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. करारात मुदत ठरलेली नसेल तर काम वाजवी मुदतीत पुरे झाले पाहिजे, आणि वाजवी मुदत कोणती हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरवावे, असे कलम ४६ सांगते. म्हणजे सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही. तरीही सर्वसाधारण अंदाज बांधता येतो. चार-पाच पानांच्या साध्या परिचयपर संकेतस्थळाला तीन ते सहा आठवडे, आणि मालाची विक्री व पैशांचा भरणा यांची सोय असलेल्या संकेतस्थळाला दोन ते चार महिने लागणे गैर नाही. भरणा स्वीकारणारी संस्था व्यावसायिकाची कागदपत्रे तपासून मगच परवानगी देते. तो वेळ डिझायनरच्या हाती नसतो. पत्राचे उत्तर मात्र कामाच्या दोन दिवसांत यावे आणि पहिला कच्चा आराखडा दहा-बारा दिवसांत दिसावा, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

विलंबाचे मूळ बहुधा आळसात नसून हाती घेतलेल्या कामांच्या संख्येत असते. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगेचा नियम येथे उपयोगी पडतो. एखाद्या डिझायनरच्या हाती सतत सहा कामे असतील आणि महिन्याला दोनच पुरी होत असतील, तर प्रत्येक कामाला सरासरी तीन महिने लागणार. 'पंधरा दिवस' हा त्याचा शब्द खोटेपणाचा नसेलही. पण रांगेचे गणित त्या शब्दाला जुमानत नाही. म्हणून काम सोपवताना 'किती दिवस लागतील' एवढेच विचारून भागत नाही. 'सध्या हाती किती कामे आहेत' हेही विचारले पाहिजे.

दुसऱ्या बाजूचे घड्याळ

नाण्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उद्योजकाने मजकूर दिलेला नसतो, मालाची छायाचित्रे काढलेली नसतात, किमती ठरलेल्या नसतात. भागीदाराला निळा रंग आवडतो आणि त्याच्या मेहुण्याला भगवा. तीन आठवडे या वादात जातात आणि ते डिझायनरच्या खाती जमा होतात. कायदा इतका भोळा नाही. एका पक्षाचे काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून असेल, तर आपला वाटा न उचलणाऱ्याला समोरच्याकडून पूर्ततेची मागणी करता येत नाही, असे त्याच कायद्याचे कलम ५४ बजावते.

पैशाच्या बाबतीतही हीच विषमता दिसते. काम तातडीने हवे असते. उरलेली रक्कम देताना मात्र 'पुढच्या महिन्यात पाहू' असे ऐकवले जाते. कल्याण-डोंबिवलीत राहत्या खोलीच्या कोपऱ्यात संगणक मांडून एकट्याने काम करणाऱ्या डिझायनरला महिन्याचा किराणा त्याच पैशांतून भरायचा असतो. तो नोंदणीकृत सूक्ष्म वा लघू उद्योजक असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि लेखी करार नसल्यास १५ दिवसांत, त्याचे पैसे चुकते झाले पाहिजेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते.

पैशाची मुदत अशी कायद्याने आखून दिली आहे. कामाची मुदत दोघांनीच आखायची आहे. त्यासाठी एक पानभर लेखी करार पुरेसा आहे. आराखडा, मजकूर, चाचणी आणि हस्तांतर अशा चार टप्प्यांच्या तारखा त्यात असाव्यात. उद्योजकाने मजकूर आणि छायाचित्रे कधी द्यायची, हेही त्यात नमूद असावे. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी. संकेतस्थळाचे नाव पहिल्या दिवसापासून उद्योजकाच्याच नावे नोंदवावे, म्हणजे तंटा झाल्यास धंद्याची पाटी परक्याच्या हाती राहणार नाही. हंगाम महत्त्वाचा असेल तर अमुक तारीख हा कराराचा गाभा आहे, असे स्पष्ट लिहावे; ती तारीख चुकल्यास कलम ५५ अन्वये करार रद्द करण्याचा मार्ग मोकळा होतो.

एवढे करूनही आठवडाभर उत्तर आले नाही, तर तगादा लावत बसण्यापेक्षा अखेरची तारीख देणारे एक लेखी पत्र पाठवावे. तीही टळली तर दुसरा माणूस शोधावा. मात्र नव्या माणसाला जुने काम समजून घ्यायला वेळ लागतो, हे ध्यानात ठेवावे. उशीर झालेल्या कामावर ऐनवेळी आणखी माणसे लावल्यास उशीर वाढतोच, हा निष्कर्ष फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ सालीच मांडून ठेवला आहे.

ठाणे-कल्याणच्या माणसाला थांबण्याचे धडे नव्याने द्यायला नकोत. लोकल दहा मिनिटे उशिरा येणार अशी उद्घोषणा झाली की तो मुकाट्याने दुसऱ्या फलाटाकडे वळतो किंवा कचेरीत तसे कळवतो. उद्घोषणाच झाली नाही, की त्याचा पारा चढतो. काम लांबणार असेल तर ते वेळीच सांगणे डिझायनरचे कर्तव्य आहे, आणि आपल्यामुळे किती लांबले हे मान्य करणे उद्योजकाचे. ज्या व्यवहारात या दोन्ही गोष्टी पाळल्या जातात, त्यात महिन्या-दीड महिन्याची प्रतीक्षाही जाचक वाटत नाही.