बरगीची सहल आणि सोडून दिलेल्या खदानी

हिवाळ्यात नागपूर-पुण्याकडच्या भूशास्त्र विभागांच्या सहली जबलपूरकडे वळतात. भेडाघाटचा संगमरवर, लमेटा घाटाचे थर, १८२८ मध्ये ब्रिटिश अधिकारी स्लीमनला डायनोसॉरची हाडं सापडली ती बडा सिमला टेकडी आणि शेवटी बरगी धरण, असा बेत असतो. या जिल्ह्यात दगड, चुनखडी, डोलोमाइट काढून सोडून दिलेल्या खदानीही आहेत. वाटेत त्या दिसल्या की मुलांचे पाय आपोआप तिकडे वळतात, आणि खरं सांगायचं तर आपलेही. सहल नेणाऱ्या प्रत्येकाला आमची कळकळीची विनंती आहे: जुन्या खाणीत कोणीही उतरायचं नाही, हे निघण्यापूर्वीच ठरवा. खाणीच्या तोंडाशी उभं राहून असा निर्णय नीट होत नाही.

तिथला सगळ्यात मोठा धोका दिसत नाही. कुजणारी लाकडं आणि गंधकयुक्त खनिजं बंद खाणीतला ऑक्सिजन खाऊन टाकतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड, म्हणून तो तळाशी साचतो. बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. तो दहाच्या खाली गेला की माणूस सावध होण्याआधीच कोसळतो. वादळापूर्वी हवेचा दाब उतरला की आतली हवा तोंडापर्यंत येते, त्यामुळे काल ठीक वाटलेली जागा आज ठीक असेलच असं नाही. गावाकडच्या विहिरीत एकाला वाचवायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात, तेच इथे घडतं. कोणी आत पडला तर मागोमाग कुणी जायचं नाही. पोलीस आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. हे मुलांना बसमध्येच बजावून सांगा.

पाण्याने भरलेली खदान तर पोहायला बोलावतेच. कडा उभ्या, तळाचा अंदाज नाही, वरचं पाणी कोमट आणि खाली एकदम गार. चढून यायला पायरी नसते आणि काठाचा मुरूम हातात सुटून येतो.

वरची जमीनही भरवशाची नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला एक घर जमिनीत गडप झालं; खाली जुन्या भूमिगत कोळसा खाणीची पोकळी होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत बरगी कालव्याच्या स्लीमनाबाद बोगद्याच्या कामावर माती ढासळून नऊ कामगार अडकले, दोघे गेले. तिथे तर काम चालू होतं, माणसं आणि यंत्रं हाताशी होती.

२००३ पासून प्रमुख खनिजांच्या खाणींना बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो. त्याआधी सोडलेल्या कित्येक जागा मात्र तशाच उघड्या राहिल्या, आणि दगड-मुरूम गौण खनिजात मोडत असल्याने त्या खदानींचे नियम राज्याकडे. तेव्हा कुंपण नाही म्हणजे धोका नाही, असं समजू नका.

विद्यार्थ्याला हवा तो नमुना बहुतेक वेळा बाहेरच्या टाकाऊ दगडांत मिळतो. ढिगाच्या उताराखाली उभं न राहता, कडेला सुटून पडलेले तुकडे उचला. जागा आधी एकट्याने नव्हे, स्थानिक माणसाला सोबत घेऊन पाहून या आणि कुठली खदान किती खोल, ते त्यालाच विचारा.