ज्यांचे देह परतले नाहीत...

१४ डिसेंबर १९७१. श्रीनगरच्या विमानतळावर पाकिस्तानची सहा सेबर विमाने चालून आली. बॉम्ब कोसळत असतानाच फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों यांनी आपले चिमुकले नॅट विमान आकाशात नेले. परमवीरचक्राच्या मानपत्रानुसार त्यांनी दोन शत्रुविमानांचा वेध घेतला. अखेर त्यांचे विमान कोसळले. देह कधीच सापडला नाही.

वायुवीरांच्या स्मारकाचे मोल येथे कळते. ज्याच्या चितेला अग्नी देण्याचे भाग्यही कुटुंबाला लाभले नाही, त्याची समाधी म्हणजे पाषाणावर कोरलेले नावच!

साम्राज्यासाठी लढताना पडलेल्या भारतीय सैनिकांचे इंडिया गेट ब्रिटिशांनी १९३१ मध्येच पूर्ण केले. स्वतंत्र भारताला मात्र राष्ट्रीय समर स्मारकासाठी २०१९ उजाडावे लागले. तेथील ग्रॅनाइटवर २५ हजारांहून अधिक हुतात्म्यांची नावे सुवर्णाक्षरांत कोरली आहेत. परमवीरांच्या ब्राँझच्या अर्धपुतळ्यांत सेखोंही आहेत. वायुदलाचे ते एकमेव परमवीर.

हे ऋण उशिरा का होईना, अंशतः फिटले. परंतु केवळ धातू आणि पाषाण म्हणजे स्मारक नव्हे. चौकात निवृत्त लढाऊ विमान बसवले आणि चौथऱ्यावर ना युद्धाचे नाव, ना वैमानिकांचे, तर ती केवळ शोभेची वस्तू ठरते. तेथे लोकभाषेत पराक्रम कोरला जावा. शाळांनी, कुटुंबांनी मुलांना तेथे नेऊन तो सांगावा. नाव कोरणे हे शासनाचे काम. ते पुढच्या पिढीच्या ओठी ठेवणे हे समाजाचे कर्तव्य आहे.