पहिलीचं कौतुक झालं, दुसरीचं काय?

‘पहिली महिला’ या दोन शब्दांचं आपल्याला फार आकर्षण आहे. पहिली महिला वैमानिक, पहिली महिला इंजिनचालक. वर्तमानपत्रं चौकट छापतात आणि आपण ती कापून कार्यालयातल्या फळ्यावर लावतो. त्यात गैर काहीच नाही. पण त्या पहिलीला आत कुणी घेतलं, कशासाठी घेतलं आणि तिच्या मागून दुसरी का आली नाही, हे आपण विचारतो का? कॅनडाच्या मॅनॉन रेओम या आइस हॉकीच्या गोलरक्षिकेची कारकीर्द पाहिली की हे प्रश्न टाळता येत नाहीत.

आइस हॉकी बर्फाच्या मैदानावर, पायात स्केट घालून खेळतात. चेंडूऐवजी कडक रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. जोरदार फटक्याला ती ताशी दीडशे किलोमीटर वेगाने येते. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळ्यापुढे उभं राहून ती अंगावर घ्यायची, हे गोलरक्षकाचं काम. १९७२ साली क्वेबेक प्रांतात जन्मलेल्या मॅनॉनच्या वाट्याला ही जागा लहानपणीच आली, कारण हॉकी खेळणाऱ्या भावांना जाळ्यापुढे कुणीतरी हवं होतं. घरात असो की संस्थेत, जिथे दुसऱ्या कुणाला उभं राहायचं नसतं ती जागा बाईला चटकन मिळते, हे आपल्याला नवीन नाही. ही मुलगी मात्र त्या जागेवर खरोखरच तरबेज झाली. १९८४ साली क्वेबेकच्या प्रसिद्ध पी-वी स्पर्धेत ती मुलांच्या संघातून खेळली. १९९१ साली त्रॉय-रिव्हिएरच्या ज्युनियर संघातर्फे पुरुषांच्या सामन्यात उतरली. एप्रिल १९९२ मध्ये कॅनडाच्या महिला संघाने जागतिक अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा गोल राखणारी तीच होती.

त्यानंतर पाच महिन्यांनी, २३ सप्टेंबर १९९२ ला, ती टॅम्पा बे लाइटनिंग या पुरुषांच्या व्यावसायिक संघातून सेंट लुईसविरुद्धच्या सरावसामन्यात खेळली. पहिल्या सत्रात तिच्यावर नऊ फटके आले. तिने सात अडवले, दोन गोल झाले. एनएचएल या सर्वोच्च लीगच्या संघातून खेळणारी ती पहिली स्त्री ठरली. संघ नवा होता. फ्लोरिडासारख्या उष्ण मुलखात बर्फावरच्या खेळाला प्रेक्षक मिळवायचा होता. प्रसिद्धीसाठीच आपण तिला बोलावलं, हे संघाचे व्यवस्थापक फिल एस्पोझिटो यांनी कधी लपवलं नाही. विश्वविजेत्या संघाची गोलरक्षिका म्हणून तिला हे बोलावणं नव्हतं. बाई म्हणून होतं. तिच्या खेळाइतकीच चर्चा तिच्या दिसण्याची झाली. एका पुरुषी मासिकाने नग्न छायाचित्रांसाठी पैसे देऊ केले, ते तिने नाकारले.

इथे आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतील, की तिने हे आमंत्रणच नाकारायला हवं होतं. स्वतःचा वापर का करू दिला? मला हा युक्तिवाद पटत नाही. मुलगी म्हणून आजवर इतक्यांदा नकार मिळाला, आता मुलगी म्हणून कुणी होकार देत असेल तर मी तो का घेऊ नये, अशा अर्थाचं उत्तर ती स्वतःच देत आली आहे. या उत्तरात भाबडेपणा नाही, हिशेब आहे. वापर करणाऱ्याला सोडून वापरल्या जाणारीला जाब विचारण्याची सवय आपल्या चळवळीलाही कधीकधी लागते. ती सोडायला हवी.

डिसेंबर १९९२ मध्ये ती अटलांटा नाइट्सकडून पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधला नियमित सामना खेळली. पुढची पाचेक वर्षं एका छोट्या संघातून दुसऱ्या छोट्या संघात तिचा प्रवास चालू राहिला. १९९४ साली पुन्हा जागतिक सुवर्णपदक. १९९८ साली नागानोला ऑलिंपिकमध्ये महिला आइस हॉकी पहिल्यांदा आली, तिथे रौप्यपदक. पण पगार देणारी महिलांची लीगच नव्हती. म्हणजे जगातल्या उत्तम गोलरक्षिकांपैकी एकीला पोट भरायचं तर पुरुषांच्या संघात राखीव म्हणून बसायचं, एवढीच वाट होती. ‘ती पुरुषांच्या बरोबरीने खेळू शकते का’ यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. पण खरा प्रश्न तो नव्हता. स्त्रियांबरोबर खेळून तिला जगता का येत नव्हतं, हा होता.

त्याला ठरलेलं उत्तर मिळतं: बायकांच्या खेळाला प्रेक्षक नाही, मग पैसा कुठून येणार? पण १९९२ साली टॅम्पाच्या पुरुष संघाला तरी प्रेक्षक कुठे होता? तो मिळवायला आधी पैसा ओतला गेला, आणि त्या खटाटोपात एका बाईचाही उपयोग करून घेतला गेला. पुरुषांसाठी आधी गुंतवणूक आणि मग प्रेक्षक, बायकांनी मात्र आधी प्रेक्षक आणून दाखवायचे आणि मग पैसे मागायचे, हा कुठला न्याय?

हे चित्र बदललं ते कुणा एकीच्या पराक्रमाने नाही. मार्च २०१७ मध्ये अमेरिकेच्या महिला संघाने जाहीर केलं, की मानधन आणि सोयी सुधारल्या नाहीत तर मायदेशात भरणाऱ्या जागतिक स्पर्धेत आम्ही खेळणार नाही. संघटनेने बदली खेळाडू शोधायला सुरुवात केली. महाविद्यालयातल्या, अगदी शाळेतल्या मुलींनाही विचारणा झाली. देशाची जर्सी घालण्याचं स्वप्न समोर आयतं आलेलं असताना त्या मुलींनी नकार दिला. संघटनेला करार करावा लागला, आणि त्याच संघाने ती स्पर्धा जिंकली. २०१९ साली कॅनडातली महिला लीग बंद पडली, तेव्हा दोनशेहून अधिक खेळाडूंनी उत्तर अमेरिकेतल्या कुठल्याही लीगमध्ये त्या हंगामात न खेळण्याचा निर्णय घेतला. ऐन उमेदीची वर्षं त्यांनी पणाला लावली. त्यातूनच पुढे पीडब्ल्यूएचएल ही लीग उभी राहिली. सामने सुरू होण्याआधी, २०२३ मध्ये, खेळाडूंच्या युनियनने आठ वर्षांचा सामूहिक करार केला. त्यात पहिल्या हंगामासाठी किमान पगार पस्तीस हजार डॉलर ठरला. बाळंतपणासाठीच्या तरतुदीही लेखी आल्या. १ जानेवारी २०२४ ला टोरंटोत पहिला सामना झाला. न्यूयॉर्कने तो ४-० असा जिंकला. त्यांची गोलरक्षिका कोरिन श्रोडर हिने एकही गोल होऊ दिला नाही, आणि बातमी तिच्या खेळाची झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉन्ट्रियलला एका सामन्याला २१,१०५ प्रेक्षक आले. प्रेक्षक नाहीत म्हणणाऱ्यांनी हा आकडा लिहून ठेवावा.

आपल्याकडेही लडाखच्या मुली आइस हॉकी खेळतात. २०१६ साली भारताचा महिला संघ पहिल्यांदा आशियाई स्पर्धेला गेला, तोही लोकवर्गणीची मदत घेऊन. पुढच्याच वर्षी बँकॉकला त्यांनी फिलिपीन्सला ४-३ असं हरवलं. कौतुकाचे लेख तेव्हाही आले.

मॅनॉनने दार ठोठावलं याचं मोल मी कमी मानत नाही. आज व्यावसायिक लीगमध्ये खेळणाऱ्या कितीतरी मुली तिचा फोटो भिंतीवर लावून मोठ्या झाल्या असतील. पण तिच्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी एनएचएलच्या संघातून सामना खेळलेली दुसरी स्त्री नाही. मालकांच्या मर्जीने उघडलेलं दार त्यांच्याच मर्जीने मिटलं. २०१७ आणि २०२३ मध्ये जे मिळालं ते करारात आहे, आणि ते काढून घ्यायचं तर आता एकीशी नाही, सगळ्यांशी बोलावं लागेल.

तेव्हा मैत्रिणींनो, यापुढे फळ्यावर ‘पहिली महिला’चं कात्रण लावताना त्याच्या शेजारी तीन प्रश्नही लिहूया. तिला पगार किती? तो कुठल्या कागदावर लिहिला आहे? आणि तिला काढलं, तर तिच्या जागी उभं राहायला नकार देणाऱ्या किती जणी आहेत?