गॅस टँकरवरची पाटी काय सांगते? आणि ती नेमकी कुणासाठी असते?

१२ डिसेंबर २०२४. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जयगडमध्ये शाळा सुरू असताना मुलांना अचानक त्रास व्हायला लागला. कुणाचे डोळे चुरचुरत होते, कुणाला मळमळत होतं, कुणाला श्वास घेता येत नव्हता. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांना रुग्णालयात न्यावं लागलं. कारण समोर आलं ते बंदर परिसरातल्या टाकीतून बाहेर पडलेल्या इथाइल मरकॅप्टनचं.

हे रसायन आपल्या ओळखीचं आहे. घरच्या सिलिंडरचा जो वास येतो, तो याचाच. एलपीजीला स्वतःचा वास जवळपास नसतोच. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन अगदी थोडं मिसळतात. म्हणजे ही नाकाला कळणारी धोक्याची पाटीच. जयगडमध्ये तिनेच मुलं आजारी पडली.

त्यानंतर जुलै २०२५ मध्ये मुंबई-गोवा महामार्गावर हातखंब्याजवळ एलपीजीचा टँकर उलटला. गळती झाली, आसपासची घरं रिकामी करावी लागली. त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये लांज्याजवळ अंजणारी पुलावरून टँकर थेट काजळी नदीत कोसळला होता. चालकाचा मृत्यू झाला आणि महामार्ग बंद ठेवावा लागला. त्यामुळे टँकरवरच्या पाट्या काय सांगतात, हे रत्नागिरीकरांना माहीत असायलाच हवं.

पाटीवर काय लिहिलेलं असतं?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार घातक माल नेणाऱ्या गाडीवर तीन ठिकाणी माहितीफलक लागतो: दोन्ही बाजूंना आणि मागे. त्यावर मालाचं नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत हवं. धोक्याचं चिन्ह किमान २५० मिलिमीटर चौरस हवं. आपत्कालीन सेवेचा आणि माल पाठवणाऱ्याचा फोन नंबरही हवा.

एलपीजीच्या टँकरवर ज्वाळेचं चित्र असलेला लाल, शंकरपाळ्याच्या आकाराचा चौकोन दिसतो. म्हणजे पेट घेणारा वायू. शेजारी १०७५ हा आकडा असतो. तो संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला एलपीजीचा क्रमांक. वर जो छोटा कोड असतो, तो अग्निशमन दलासाठी. त्यातला २ हा आकडा ‘पाण्याचा बारीक फवारा वापरा’ असं सांगतो आणि शेवटचं इंग्रजी ‘ई’ हे अक्षर ‘लोकांना हलवण्याचा विचार करा’ असं.

सर्वात जोखमीची वेळ कोणती?

टँकर रस्त्यावर धावताना धोका असतोच. पण माल भरताना आणि उतरवताना तो वेगळ्या प्रकारे वाढतो, कारण तेव्हा टाकी बंद नसते. ती पाइपने दुसऱ्या टाकीला जोडलेली असते. अशा वेळी गाडी हलली तर पाइप तुटतो. म्हणून इंजिन बंद ठेवायचं, चाकांना अडण लावायचं, अर्थिंग करायचं आणि मगच पाइप जोडायचा.

रेल्वेच्या टँक वॅगनबाबत हा धोका आणखी मोठा. पाइप लावलेला असताना दुसरं इंजिन येऊन वॅगनला धडकलं तर? म्हणून अमेरिकेत यासाठी स्वतंत्र नियम आहे. निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘थांबा, टँक कार जोडलेली आहे’ अशा अर्थाची सूचना लागते. पाटी किमान ३० सेंटिमीटर उंच आणि ३८ सेंटिमीटर रुंद हवी. ‘थांबा’ हा शब्द किमान १० सेंटिमीटरचा. पाइप काढेपर्यंत ती हलवायची नाही.

५ जुलै १९७३ रोजी अमेरिकेतल्या किंगमन शहरात प्रोपेनची अशीच वॅगन रिकामी करताना गळती होऊन आग लागली आणि थोड्याच वेळात टाकी फुटली. अग्निशमन दलाचे ११ जण गेले. ९० हून अधिक लोक भाजले किंवा जखमी झाले. त्यातले बरेचसे रस्त्यावर थांबून आग बघणारे होते.

मग गावाला कोण सांगणार?

खरा प्रश्न इथे आहे. टँकरवरचा फलक चालक आणि अग्निशमन दलासाठी. पाइपजवळची पाटी कामगारांसाठी. कंपनीच्या कुंपणाबाहेर शाळेत बसलेल्या मुलाला यातली एकही पाटी दिसत नाही.

त्यासाठीही कायदा आहे. घातक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यासंबंधीचे १९८९ चे नियम सांगतात की मोठ्या अपघाताचा फटका बसू शकेल अशा आसपासच्या लोकांना धोका काय आहे आणि अशा वेळी काय करायचं, याची माहिती आधीच द्यायला हवी. कुंपणाबाहेरच्या आपत्तीसाठी प्रशासनाने आराखडा करायचा आणि वर्षातून एकदा त्याची रंगीत तालीम घ्यायची.

आपल्या गावात अशी तालीम शेवटची कधी झाली? शाळेतल्या शिक्षकांना वाऱ्याची दिशा बघून मुलांना कुठे न्यायचं हे माहीत आहे का? हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात.

टँकर उलटलेला दिसला तर?

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. तो वर न जाता गटारात, ओढ्यात, सखल जागी साचतो आणि पसरत जातो. त्यामुळे:

- उताराच्या आणि वाऱ्याच्या दिशेने पळू नका. वारा जिकडून येतोय त्या बाजूला, उंचावर जा.
- गाडी सुरू करू नका, काडी पेटवू नका.
- जमेल तर लांबूनच फलकावरचा क्रमांक वाचा. ११२ वर किंवा गॅसगळतीसाठीच्या १९०६ वर फोन करून तो सांगा. पण फोन लांब गेल्यावरच करा.
- निव्वळ गळती असेल तर किमान १०० मीटर अंतर ठेवा. टँकरला आग लागली असेल, तर जगभर वापरली जाणारी अमेरिकी मार्गदर्शिका १,६०० मीटर दूर जायला सांगते.

१,६०० मीटर म्हणजे साधारण दीड किलोमीटर. तेवढ्या अंतरावरून मोबाइलवर व्हिडिओ नीट येत नाही. न आलेलाच बरा.