पिंजऱ्याचे दार

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत, गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या बाजूला, आजही काही जुनी घरे तग धरून उभी आहेत. जाड भिंती, लाकडी तुळया, कोनाडे आणि धान्याची अंधारी खोली असे त्यांचे रूप असते. पावसाळा आला की बाहेरची बिळे पाण्याने भरतात आणि उंदीर कोरड्या जागेच्या शोधात घरात शिरतात. मग फळीवर ठेवलेला तारेचा पिंजरा खाली उतरतो. रात्री त्याच्या आकड्याला भाकरीचा तुकडा अडकवला जातो. पहाटे 'खट्' असा आवाज होतो आणि दार पडते. सकाळी घरातील मुले पिंजऱ्याभोवती गोळा होतात. कोणी काडीने डिवचतो, कोणी मांजराला हाक मारतो, कोणी शेपटी ओढू पाहतो. अखेरीस कोणीतरी तो पिंजरा पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवतो आणि सारे आपापल्या कामाला लागतात.

हा सारा प्रकार अर्ध्या घटकेत आटोपतो. तेवढ्या वेळात उंदराचे काय झाले, हे सर्वांना दिसते. पाहणाऱ्या मुलांच्या मनाचे काय झाले, याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही. तो करावयास हवा.

प्रथम उंदराविरुद्धची बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती खोटी नाही. उंदीर हा घरचा पाहुणा नव्हे. त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, म्हणून त्याला सतत काहीतरी कुरतडावे लागते. त्यातून धान्याचे पोते सुटत नाही, शालू सुटत नाही आणि विजेची तारही सुटत नाही. तो खातो थोडे; पण लेंड्या आणि मूत्र यांनी त्याहून कितीतरी अधिक अन्न नासवतो. शेतकऱ्याने वर्षभर राबून घरी आणलेली ज्वारी अशा रीतीने वाया जावी, हे कोणालाही सहन होण्यासारखे नाही.

नासाडीपेक्षाही रोगाचे भय मोठे आहे. १८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढे त्या साथीने महाराष्ट्रातील असंख्य घरे ओस पाडली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असतानाच सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. १९९४ साली मराठवाड्यातच, बीड जिल्ह्यातील मामला या गावी प्लेग आढळला, तेव्हा साऱ्या प्रदेशाचा थरकाप उडाला. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणारा लेप्टोस्पायरोसिस हा रोगही घातक आहे. २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याने अनेकांचे बळी घेतले. तेव्हा स्वयंपाकघरात उंदीर खुशाल नांदू द्यावेत, असे म्हणणारी दया ही दया नव्हे. तो घरातील लहान मुलांवर आणि वृद्धांवर केलेला अन्याय होईल. उंदीर घरात असता कामा नये, हे निर्विवाद आहे.

परंतु उपद्रव दूर करणे आणि छळ करणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. उंदीर घरातून गेला की पहिली गोष्ट साधते. काडीने डिवचण्याने त्यात काय भर पडते? त्याने धान्याचा एक दाणाही वाचत नाही. अलीकडे बाजारात चिकट लेप लावलेले पुठ्ठे मिळतात. त्यावर पाय पडला की उंदीर जागच्या जागी खिळतो. सुटण्याच्या धडपडीत त्याची कातडी सोलवटते, आणि तहानभुकेने तो तासन्तास, कधी एक-दोन दिवस तडफडत राहतो. पुष्कळ लोक तो पुठ्ठा तसाच गुंडाळून कचऱ्यात टाकतात. म्हणजे आत जीव असतानाच त्याला विसरून जातात. भारतीय पशुकल्याण मंडळाने अशा सापळ्यांच्या वापराविरुद्ध राज्यांना कळवले आहे, ते योग्यच आहे.

विषाची कथाही याहून फारशी बरी नाही. काही विषांनी उंदराच्या शरीरात रक्तस्राव सुरू होतो आणि मरण येण्यास काही दिवस लागतात. त्या अवस्थेत तो मंदावतो, उघड्यावर येतो आणि घुबडाच्या किंवा मांजराच्या तोंडी सहज सापडतो. मग ते विष त्यांच्याही पोटात जाते. ज्या गव्हाणी घुबडाचे मुख्य अन्नच उंदीर, तो शेतकऱ्याचा बिनपगारी राखणदार आपणच मारावा, हा कोठला शहाणपणा? शिवाय विषाची गोळी लहान मुलाच्या हाती पडली तर काय अनर्थ होईल, ते सांगावयास नको.

घाईने केलेली कत्तल प्रत्येक वेळी सुरक्षित असतेच असेही नाही. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी दाखवून दिले, की प्लेग माणसापर्यंत पोहोचवते ती उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला की पिसवा त्याचे थंड झालेले शरीर सोडून नवा आसरा शोधतात. म्हणूनच प्लेगच्या साथीत आधी पिसवांचा बंदोबस्त करावा आणि मग उंदरांचा, असा नियम ठरला. मेलेल्या उंदराला उघड्या हाताने शिवू नये, हे प्रत्येक मुलाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

मग उपाय कोणता? त्यासाठी उंदीर घरात का येतो, हे पाहावे लागते. त्याला दोनच गोष्टी हव्या असतात : अन्न आणि आडोसा. त्या मिळाल्या की त्याची वाढ झपाट्याने होते. घरातील लहान उंदराची मादी सुमारे तीन आठवड्यांत व्यायते, एका वेतात पाच-सहा पिले देते, आणि ती पिले दीड-दोन महिन्यांत स्वतः पिले घालू लागतात. असे असताना आज एक उंदीर बादलीत बुडवला, तर उद्या त्याच भोकातून दुसरा येणार. भोक तसेच ठेवून उंदीर मारीत बसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे होय.

म्हणून खरी दया आणि खरा बंदोबस्त या दोहोंचा आरंभ एकाच ठिकाणी होतो. धान्य घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे. रात्री खरकटी भांडी मोरीत पडू देऊ नयेत. कचऱ्याच्या डब्याला झाकण असावे. अडगळ वरचेवर हलवावी, म्हणजे घरटे बांधण्यास निवांत कोपरा उरत नाही. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातूनही आत शिरू शकतो; तेव्हा दाराखालची फट लाकडी पट्टीने झाकावी, मोरीच्या तोंडाला जाळी बसवावी आणि भिंतीतील भोकात तारेची जाळी कोंबून वर सिमेंट लिंपावे. भिंतीच्या कडेने चिंचिं करीत पळणारी चिचुंद्री मात्र उंदरांच्या जातीची नव्हे. ती झुरळे आणि किडे खाते. केवळ तोंडवळ्यावरून तिला शिक्षा करणे अन्यायाचे आहे.

एवढे करूनही एखादा उंदीर सापडलाच, तर पिंजरा रोज सकाळ-संध्याकाळ पाहावा, त्यात उंदीर विसरून राहू नये. पिंजऱ्यावर फडके टाकले की अंधारात तो शांत होतो. हात न लावता त्याला घरापासून थोड्या अंतरावर, झाडोऱ्यात सोडावे. रात्री हळूच दुसऱ्याच्या गल्लीत उंदीर सोडून येणारे सज्जनही गावोगावी असतात; ते उंदराची सुटका करीत नाहीत, शेजाऱ्याची फसवणूक करतात. फार दूर, अनोळखी जागी नेऊन सोडलेला उंदीरही पुष्कळदा जगत नाही. म्हणजे सोडून देण्यालाही मर्यादा आहेत, आणि उंदीर घरात येऊच न देणे हीच त्याच्यावर केलेली सर्वांत मोठी कृपा ठरते. साथीच्या काळात सार्वजनिक आरोग्यासाठी उंदीर मारावेच लागतात. त्या वेळी ते काम जाणत्या माणसांनी त्वरित, कमीत कमी वेदना होतील अशा रीतीने करावे. त्याचा खेळ करू नये.

याच जिल्ह्यात अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिबी राजाची कथा चितारलेली आहे. ससाण्याच्या भीतीने शरण आलेल्या कबुतराला वाचवण्यासाठी राजाने आपले मांस तराजूत घातले. या कथेतील एक गोष्ट बहुधा नजरेतून सुटते : राजाने कबुतराला अभय दिले, पण ससाण्याची भूकही त्याने नाकारली नाही. दोन्ही बाजूंचे न्याय्य म्हणणे त्याने तोलून पाहिले. याच जिल्ह्यातील पैठणच्या एकनाथांनी तहानेने व्याकूळ झालेल्या गाढवाला काशीहून आणलेले गंगाजल पाजले, असे परंपरा सांगते. एवढा मोठा त्याग आज कोणी मागत नाही. कोठीचे झाकण घट्ट लावावे, भिंतीचे भोक बुजवावे आणि हाती सापडलेल्या जीवाला डिवचू नये, एवढेच मागणे आहे.

देशाचा कायदाही याच वाटेने जातो. प्राण्यांना विनाकारण यातना देण्यास १९६० च्या कायद्याने मनाई केली, आणि १९७६ साली संविधानात जी मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली, त्यांत सजीवांविषयी करुणा बाळगणे हेही एक आहे. तथापि पहाटेच्या अंधारात, चार भिंतींच्या आत, पिंजऱ्याजवळ कायदा पाहावयास येत नाही. तेथे मुलगा असतो आणि उंदीर असतो. पंधरा-वीस ग्रॅम वजनाचा तो जीव कोपऱ्यात अंग चोरून बसलेला असतो, त्याच्या कुशी भात्यासारख्या हलत असतात. त्याला पळता येत नाही, दाद मागता येत नाही. ज्याच्यापासून आपल्याला कसलेही भय नाही आणि ज्याच्याकडून कसलाही लाभ नाही, त्याच्याशी माणूस कसा वागतो, यावरूनच त्याच्या माणुसकीची पारख होते.

त्या मुलाने काडी खाली ठेवावी, पिंजऱ्यावर फडके टाकावे आणि कुंपणापलीकडच्या झुडपांपाशी जाऊन दार वर उचलावे. क्षणभर उंदीर बिचकेल, आणि मग गवतात दिसेनासा होईल. नंतर मुलाने साबणाने हात धुऊन घरी भिंतीतले ते भोक शोधावे. दोन्ही कामे पुरी झाली, म्हणजे पिंजरा पुन्हा फळीवर ठेवावयास हरकत नाही.