पाच-तीनचा घ्यायचा का?

शुक्रवारी संध्याकाळी सहाला मरोळचं सगळं पब्लिक मेट्रोकडे पळत असतं. आम्ही चार कॅप्टन मात्र ऑफिसच्या कॉन्फरन्स रूममध्ये दार लावून बसलो होतो. इंटर-डिपार्टमेंट बास्केटबॉलच्या टीम्स पाडायच्या होत्या. आयपीएलसारखा लिलाव नाही हं, ड्राफ्ट! पाळीपाळीने एकेक नाव उचलायचं. माझी दुसरी पाळी आली तेव्हा फळ्यावर कामाची दोनच नावं होती. एक सेल्समधला सहा फूट एक इंचाचा खांब. दुसरा अकाउंट्समधला, नागपाड्याच्या कोर्टवर लहानाचा मोठा झालेला पॉइंट गार्ड. उंची पाच फूट तीन. ('मोठा कुठे झालाय?' हे शेजारच्या कॅप्टनने म्हणून घेतलंच.)

मी पाच मिनिटं मागितली.

पॉइंट गार्ड म्हणजे टीमचा ट्रॅफिक हवालदार. बॉल आणायचा आणि कुणाला कधी द्यायचा ते ठरवायचं. बॉल जमिनीवर आपटत न्यायचा असल्याने बुटका असला तर उलट बरंच, त्याच्याकडून बॉल काढून घेणं महाकठीण. लोचा होतो समोरच्यांकडे बॉल असताना. ते मुद्दाम असा आडोसा लावतात की आपल्या बुटक्यावर त्यांचा सर्वांत उंच गडी येतो. मग तो आरामात डोक्यावरून टाकतो. पुन्हा टाकतो. दया वगैरे भानगड नसते.

मगसी बोग्जचंच घ्या. हाही पाच फूट तीन, एनबीएच्या इतिहासातला सर्वांत बुटका. १९८७ साली वॉशिंग्टनने त्याला बाराव्या नंबरवर घेतलं आणि वर्षभरात वाऱ्यावर सोडलं. शार्लटच्या नव्या टीमने १९८८ मध्ये त्याला उचललं आणि तो तिथे नऊ-दहा सीझन खेळला. एकूण चौदा! सात फुटी पॅट्रिक युइंगचा शॉटसुद्धा त्याने एकदा अडवलाय. म्हणजे घेण्यात रिस्क होती तशी सोडण्यातही होती, पण ती कुणी मोजलीच नाही.

आता दुसरी बाजू, आणि ही वाचून मला अजूनही कसंतरी होतं. आयझया थॉमस, पाच फूट नऊ. २०११ च्या ड्राफ्टमध्ये साठावा, म्हणजे अगदी शेवटचा. २०१६-१७ मध्ये बोस्टनकडून त्याने मॅचमागे २८.९ पॉइंट्स काढले. एप्रिल २०१७ मध्ये त्याची बहीण अपघातात गेली, तर दुसऱ्या दिवशी हा कोर्टवर. खुबा दुखावलेला, तरी खेळत राहिला. ऑगस्टमध्ये बोस्टनने त्याला क्लीव्हलँडला देऊन टाकलं. ज्या घसघशीत कॉन्ट्रॅक्टची तो वाट बघत होता ते आलंच नाही. २०१८ मध्ये डेन्व्हरकडे तो किमान पगारावर गेला.

हिशेब क्रूर आहे, पण आहे. उंच माणसाचा वेग गेला तरी उंची उरते. बुटक्याचा सगळा धंदाच वेगावर. म्हणून पहिल्या पाचात त्याला घ्यायला मॅनेजर लोक कचरतात, ते काही निव्वळ मूर्ख नाहीत. पण साठाव्या नंबरवर जाणार काय होतं? एक पाळी, बस्स.

आमच्याकडे दुसरी पाळी म्हणजे महागच. पण आमच्या खांबाला डाव्या हाताने बॉल आपटता येत नाही. आणि आमच्या लीगमध्ये ठरवून आडोसा लावणारे आहेत किती? झोन खेळलो, म्हणजे प्रत्येकाने माणसाऐवजी आपापली जागा राखली, तर पाच-तीनला वर रिंगपासून लांब ठेवता येईल.

खाली टपरीवर तो कटिंग पीत उभा होता.

'अरे, तुला घेतलं तर समोरचे तुझ्यावरच चढतील. चालेल?'

'ते शाळेपासून चढतायत,' तो म्हणाला. 'तू एवढंच सांग, पहिल्या दोन बास्केट माझ्यावरून पडल्या की बाहेर बसवणार का?'

खरं सांगू? हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. 'फर्स्ट हाफ पूर्ण देईन,' मी म्हणालो. त्याने मान डोलावली आणि चहाचे पैसे माझ्या नावावर टाकले. शेवटी अकाउंट्सचा माणूस!

वर येऊन फळ्यावर त्याचं नाव लिहिलं. शेजारच्याने हसत हसत खांब उचलला. येत्या शनिवारी पहिली मॅच त्यांच्याशीच आहे.